आवाजाचा सातबारा

‘हाउंड डॉग’ म्हटले की बहुतेकांच्या कानात एल्विस प्रेस्लीचा आवाज उमटतो. १९५६ च्या जुलैत निघालेल्या त्याच्या तबकडीच्या एका बाजूला हे गाणे होते आणि दुसऱ्या बाजूला ‘डोन्ट बी क्रूएल’. ती तबकडी अमेरिकेत अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. पॉप, कंट्री आणि रिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांच्या माथ्यावर ती पोहोचली, आणि तिचा अकरा आठवड्यांचा उच्चांक १९९२ पर्यंत कुणी ओलांडला नाही. हे गाणे पहिल्यांदा मुद्रित झाले होते त्याच्या चार वर्षे आधी, १३ ऑगस्ट १९५२ रोजी, लॉस एंजलिसमध्ये. गायिका होती विली मे थॉर्नटन. धिप्पाड देहयष्टीमुळे तिला ‘बिग मामा’ हे नाव पडले होते.

‘गोऱ्याने काळ्या बाईचे गाणे पळवले’ अशा एका वाक्यात ही हकीकत सांगून मोकळे होण्याची रीत आहे. मी दोन्ही तबकड्या एकापाठोपाठ पुष्कळदा ऐकल्या आणि त्यांच्यामागचे करार, खटले, आठवणी जमतील तेवढ्या वाचल्या. ते वाक्य मला अर्धेच खरे वाटते. उरलेली अर्धी गोष्ट मात्र जास्त अस्वस्थ करणारी आहे, कारण तिच्यात चोर नेमका सापडत नाही आणि नुकसान तर झालेले आहे.

आधी मूळ गाण्याचा जन्म पाहू. जेरी लीबर आणि माइक स्टोलर ही एकोणीस वर्षांची दोन गोरी ज्यू मुले. एक शब्द लिहायचा, दुसरा चाल बांधायचा. बँडप्रमुख जॉनी ओटिस याच्याकडे तालीम चालली असताना त्यांनी थॉर्नटनला गाताना पाहिले. तिचा दरारा, तिचे गुरगुरणे, तिचा तो पुरुषी थाट हे सगळे डोक्यात घेऊन ते घरी परतले, आणि दहा-पंधरा मिनिटांत गाणे लिहून झाले. अर्थ साधा आणि झोंबरा होता. बाईच्या जिवावर जगणारा, दारात येऊन शेपूट हलवणारा एक आयतोबा आहे. त्याचे सोंग ओळखलेली बाई त्याला घराबाहेर काढते आहे. ‘हाउंड डॉग’ म्हणजे तो पुरुष. गाण्यात खराखुरा कुत्रा कुठेच नाही.

थॉर्नटन अलाबामातली, १९२६ सालची. वडील धर्मोपदेशक. आई लवकर गेली आणि चौदाव्या वर्षीच ही मुलगी फिरत्या रंगमंडळीत दाखल झाली. ड्रम आणि हार्मोनिका ऐकून-पाहून शिकली. पुढे टेक्सासमधल्या ह्यूस्टनला डॉन रोबी या काळ्या व्यावसायिकाच्या ‘पीकॉक रेकॉर्ड्स’शी तिचा करार झाला. लीबरने पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, ती प्रथम हे गाणे गोड आवाजात, आळवत गाऊ लागली. कसे गायचे ते या पोराने तिला सुचवले, तेव्हा तिने त्याला चांगलेच फटकारले. मग त्याने स्वतः गाऊन दाखवले. थॉर्नटनची आठवण वेगळी आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे, कागदी पिशवीच्या पाठीवर लिहिलेले शब्द घेऊन दोन पोरे आली. ती ते गाऊ लागली आणि त्यात स्वतःचे घालत गेली. मधले बोलणे, ओरडणे, हाका मारणे हे सारे तिचे स्वतःचे.

दोन्ही आठवणी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तबकडी ऐकताना तरी मला तसेच वाटते. साथीला वाद्ये मोजकीच आहेत: पीट लुइसची गिटार, बास, आणि स्वतः ओटिसने धरलेला ड्रमचा ठेका. लय सावकाश, कंबरेत झुलणारी, कॅरिबियन वळणाची. ब्लूजच्या ठरलेल्या साच्यात थॉर्नटन मोकळेपणाने हिंडते. एखादा शब्द ती घशात खरवडून काढते, एखादा मागे खेचते, आणि पुढच्या ओळीवर अवचित उडी घेते. गिटारचा तुकडा सुरू झाला तरी ती गप्प बसत नाही. ती वादकाशी बोलते, त्याला डिवचते, शाबासकी देते. बैठकीची लावणी ऐकलेल्या वाचकाला ही जागा लगेच कळेल. शब्द शाहिराचे असले, तरी ते म्हणताना नजरेने आणि श्वासाने जो जाब विचारला जातो, तो त्या बाईचा असतो.

ही तबकडी १९५३ च्या सुरुवातीला बाजारात आली आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत कित्येक आठवडे पहिली राहिली. रिदम अँड ब्लूज हे नाव तेव्हा नवेच होते. १९४९ पर्यंत ‘बिलबोर्ड’ त्याच यादीला ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत असे. नाव बदलले, तरी काळ्यांची बाजारपेठ वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी ही विभागणी तशीच राहिली. थॉर्नटनला या गाण्याबद्दल, तिच्याच सांगण्यानुसार, पाचशे डॉलरचा एकच धनादेश मिळाला. लीबर आणि स्टोलर यांना रोबीने दिलेला बाराशे डॉलरचा धनादेश तर वटलाच नाही.

आता एल्विसपर्यंत हे गाणे कसे पोहोचले ते पाहू, कारण ‘पळवले’ हा शब्द इथेच डळमळतो. मधला दुवा आहे फ्रेडी बेल आणि त्याच्या ‘बेलबॉइज’ या गोऱ्या मंडळीचा. १९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका छोट्या कंपनीसाठी बेलने हे गाणे मुद्रित केले, तेव्हा रेडिओला चालावे म्हणून शब्द धुऊन काढण्यात आले. बाईच्या संसाराचे आणि शय्येचे सगळे सूचक उल्लेख गेले. त्यांच्या जागी ससा पकडू न शकणारा कुत्रा आला. १९५६ च्या वसंतात एल्विस लास वेगासच्या न्यू फ्रंटिअर हॉटेलात कार्यक्रम करीत होता. तो आणि त्याचे साथीदार जवळच्या ‘सँड्स’मध्ये बेलची मंडळी ऐकायला जात, आणि तिथला हा गमतीचा नंबर त्यांनी उचलला. थोडक्यात, एल्विसच्या गाण्याचे थेट मूळ थॉर्नटनची तबकडी नाहीच. ते एका नकलेची नक्कल आहे.

५ जूनला मिल्टन बर्लच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात एल्विसने ते गायले. शेवटी लय अर्ध्यावर आणून कंबर हलवली आणि वर्तमानपत्रांत गदारोळ उडाला. १ जुलैला स्टीव्ह ॲलनच्या कार्यक्रमात त्याला औपचारिक कोट घालून एका बॅसेट हाउंडसमोर उभे करण्यात आले आणि त्या कुत्र्याला उद्देशून हेच गाणे गायला लावले. आयतोबा पुरुषाचे रूपक चार वर्षांत चार पायांच्या जनावरावर येऊन थांबले होते. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण झाले. एकतीस वेळा गाणे मुद्रित झाल्यावर एल्विसचे समाधान झाले.

ही तबकडी मला कमअस्सल वाटत नाही. पहिल्या क्षणापासून ती अंगावर येते. लय मुळाच्या जवळजवळ दुप्पट भासते. डी. जे. फोंतानाचे ड्रम कडव्यांच्या सांध्यांवर गोळ्या झाडल्यासारखे वाजतात, स्कॉटी मूरची गिटार दातओठ खाते, आणि टाळ्या मागून रेटा देत राहतात. एल्विस शब्दांचा अर्थ सांगत नाही, ते फेकतो. थॉर्नटनच्या गाण्यात एक बाई एका पुरुषाशी बोलते. एल्विसच्या गाण्यात समोर कुणीच ठरावीक नाही. असलाच तर त्याच्यावर नाक मुरडणारा सगळा मोठ्या माणसांचा समाज आहे. म्हणूनच त्या पिढीच्या पोरांना ते आपले वाटले असावे. लीबरला मात्र सशाचे ते कडवे निरर्थक वाटे, आणि ते त्याने कधी लपवले नाही.

स्टोलर त्या वेळी युरोपहून परतत होता. त्याचे जहाज ‘आंद्रेआ डोरिया’ २५ जुलैच्या रात्री दुसऱ्या जहाजाशी झालेल्या टकरीनंतर बुडाले. वाचलेल्यांना घेऊन आलेल्या बोटीतून तो न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा धक्क्यावर लीबर कोरडे कपडे आणि बातमी घेऊन उभा होता: ‘हाउंड डॉग’ प्रचंड चालते आहे. स्टोलरला वाटले, थॉर्नटनचीच तबकडी पुन्हा उठली. लीबरने सांगितले, एल्विस प्रेस्ली नावाचा कुणी गोरा पोरगा आहे.

आता प्रश्न पैशाचा आणि मालकीचा. आपल्याकडे जमिनीच्या सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते, आणि जमीन कसणाऱ्या कुळाची नोंद ‘इतर हक्कां’च्या रकान्यात लागू शकते. १९५२ च्या अमेरिकेत गाण्याच्या सातबाऱ्याला हा दुसरा रकानाच नव्हता. १९०९ च्या कायद्याप्रमाणे मालकी शब्दांची आणि सुरावटीची, म्हणजे कागदावर उतरणाऱ्या गोष्टींची. गाणे एकदा मुद्रित झाले की कुणीही ते पुन्हा मुद्रित करू शके. दर प्रतीमागे दोन सेंट हक्कदाराला दिले की झाले. गायिकेने घातलेले गुरगुरणे, थांबे, लयीची ओढ यांतले काहीच कागदावर उतरत नाही. ध्वनिमुद्रणाला तिथे संघीय कायद्याचे संरक्षण मिळाले ते थेट १५ फेब्रुवारी १९७२ नंतरच्या मुद्रणांना. रेडिओ केंद्रे तिथे आजही गीतकार-संगीतकारांना मानधन देतात, गाणाऱ्याला देत नाहीत.

कागदाची ही सत्ता किती कडक होती, याचे दोन पुरावे याच गाण्याच्या चरित्रात सापडतात. थॉर्नटनची तबकडी गाजताच मेम्फिसच्या ‘सन रेकॉर्ड्स’ने रूफस थॉमसकडून ‘बेअर कॅट’ हे तिला उत्तर देणारे गाणे गाऊन घेतले. चाल तीच. रोबीने दावा लावला आणि ‘सन’ला रॉयल्टी मोजावी लागली. त्या कंपनीचे मालक सॅम फिलिप्स यांनीच वर्षभराने एल्विसला पहिली संधी दिली, आणि पुढे पैशाच्या निकडीपोटी त्याचा करार पस्तीस हजार डॉलरला विकला. दुसरा पुरावा ओटिसचा. आपणही सहलेखक असल्याचा दावा घेऊन तो न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेला. १९५७ मध्ये निकाल लीबर-स्टोलर यांच्या बाजूने लागला. प्रकाशक भांडला, सहलेखकपणाचा दावेदार भांडला. थॉर्नटन कोणत्याच खटल्यात पक्षकार नव्हती, कारण दावा लावायला हातात जे लागते ते तिच्याकडे नव्हतेच.

यावर कुणी म्हणेल, तिने स्वतः गाणे लिहिले असते तर? तेही तिने करून पाहिले. ‘बॉल अँड चेन’ हे गाणे तिचेच. साठच्या दशकात तिने ते एका छोट्या कंपनीसाठी मुद्रित केले. कंपनीने तबकडी बाजारात आणली नाही, हक्क मात्र स्वतःकडे ठेवले. १९६७ च्या माँटेरी महोत्सवात जॅनिस जॉपलिनने ते गायले आणि रातोरात तिचे नाव झाले. जॉपलिनने थॉर्नटनचे ऋण उघडपणे मानले. पण प्रकाशनहक्काच्या उत्पन्नाला थॉर्नटन मुकली ती मुकलीच. कागद आधीच दुसऱ्याच्या हातात गेला होता.

तेव्हा हिशेब केवळ काळ्या-गोऱ्याचा राहत नाही. पहिला धनादेश न वटवणारा रोबी काळा होता, तिच्यासाठी शब्द लिहिणारी पोरे गोरी होती, आणि ओटिस तर ग्रीक स्थलांतरितांचा मुलगा असून काळ्यांमध्ये त्यांच्यासारखाच जगला. तरीही वर्णभेद या गोष्टीतून पुसला जात नाही. दोन वेगळ्या बाजारपेठा नसत्या, तर तेच गाणे गोऱ्या तोंडातून पुन्हा ‘नवे’ म्हणून विकताच आले नसते. एल्विसने थॉर्नटनच्या खिशातून काही काढून घेतले नाही. तिच्या खिशात काही पडूच नये, अशी व्यवस्था आधीपासून उभी होती.

आपल्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ पदाचे किंवा चिजेचे तोंड देण्याची जुनी पद्धत होती. त्यातून कुणाला पैसा मिळत नसे, आणि ती चीज कोणत्या गळ्यातून आली तेही कळत नसे; पण हे आधी कुणाचे तरी होते, एवढी कबुली पानावर राही. भारतीय कायद्यात कलाकाराचा हक्क १९९४ मध्ये आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीतला वाटाही. त्याच दुरुस्तीने एखाद्या गाण्याची दुसरी आवृत्ती काढण्यावर पाच वर्षांची मुदत घातली. ऐंशीच्या दशकात लोकप्रिय गाण्यांच्या नकली आवाजांतल्या कॅसेटी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही तरतूद का लागली ते सांगायला नको.

थॉर्नटन २५ जुलै १९८४ रोजी लॉस एंजलिसमध्ये वारली. वय सत्तावन्न, आणि तो भरभक्कम देह पार वाळून गेलेला. अंत्यविधीची प्रार्थना चालवली जॉनी ओटिसने. तो तोवर धर्मोपदेशक झाला होता. २०२४ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने तिचे नाव घेतले, तिच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी.

वाचकांना एकच सुचवतो. तिची मूळ तबकडी ऐकाल तेव्हा शेवटपर्यंत ऐका. गाणे संपता संपता वादक कुत्र्यांसारखे भुंकू लागतात, हेल काढून विव्हळतात, आणि सगळी खोली हसण्याच्या बेतात आल्यासारखी वाटते. त्या काही सेकंदांचा मोबदला कुणाला द्यावा, हे कोणत्याच करारात लिहिलेले नव्हते.