अनुबोधपट आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

कृत्रिम बुद्धिमत्तेशी माणसाच्या नात्याचे चित्रण करणारे, तसेच निर्मितीतच तिचा वापर करणारे अनुबोधपट. ईझा व्हिलिंगर यांच्या ‘हाय, एआय’मध्ये (२०१९) तोक्योतील एका आजीबाईंच्या घरी आलेला बोलका यंत्रमानव दिसतो. हान्स ब्लॉक व मोरित्स रीझेविक यांचा ‘इटर्नल यू’ (२०२४) अधिक खोल जातो. त्यात एक स्त्री दिवंगत प्रियकराच्या नावाने बोलणाऱ्या संगणकीय प्रतिकृतीशी लेखी संवाद साधते; आपण नरकात आहोत, असे उत्तर येताच ती हादरते. प्रतिकृतीला काहीच कळत नसते, पण शोक खरा असतो, आणि कॅमेऱ्याने नेमके तेच टिपले आहे.

निर्मितीतील वापरावर मोठा वाद झाला तो मॉर्गन नेव्हिल यांच्या ‘रोडरनर’मुळे (२०२१). दिवंगत शेफ व लेखक अँथनी बोर्डेन यांची काही वाक्ये त्यात कृत्रिम आवाजात ऐकवली गेली, पण चित्रपटात तसे सांगितले नव्हते. आक्षेप रास्त होता, कारण अनुबोधपटात आवाज हा पुरावा असतो.

मराठीत अस्सल आवाजाचे मोल जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात दिसते. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकात गावोगावी ध्वनिमुद्रण झाले. त्यात परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्याही आहेत. ‘परी’ या संकेतस्थळावर २०१७पासून त्या प्रसिद्ध होत असून ओव्यांसोबत गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते.