अल्पाकाच्या पोटांतील शत्रु

दक्षिण अमेरिकेंतील पेरू आणि बोलिव्हिया ह्या देशांच्या डोंगराळ भागांत, समुद्रसपाटीपासून १२ ते १५ हजार फूट उंचीवर, अल्पाका नांवाचा प्राणी हजारों वर्षें पाळला जात आहे. तो उंटाच्या कुळांतला. पण पाठीवर मदार नाहीं, उंची बेताची आणि अंगावर रेशमासारखी मऊ लोंकर. इंकांच्या राज्यांत ह्या लोंकरीच्या वस्त्राला मोठा मान होता. लोंकरीचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे; त्या प्राण्याची एक संवय मात्र बहुधा नजरेंतून सुटते. सारा कळप ठराविक जागींच लेंड्या टाकतो आणि त्या जागेजवळचें गवत शक्यतों तोंडांत घेत नाहीं. विस्तीर्ण माळ, थंड व कोरडी हवा, आणि त्यांत ही स्वच्छतेची रीत! जंताच्या अंड्यांतून अळ्या निघाल्या तरी त्यांना नवें पोट मिळणें कठीणच. तेथें जंत नव्हतेच असें नव्हे. परंतु जनावर आणि जंत ह्यांचा कसाबसा समेट झालेला होता.

१५३२ नंतर स्पॅनिश लोकांनीं त्या प्रदेशांत मेंढ्या नेल्या. मेंढीच्या जंतांत अत्यंत घातक म्हणजे हिमाँकस कॉन्टॉर्टस. इकडील शेळ्यामेंढ्यांतही तो आढळतो, तेव्हां हा केवळ दूरदेशचा वृत्तांत समजूं नये. त्याची लांबी इंचभर. मादीच्या रक्तानें भरलेल्या तांबड्या आंतड्याभोंवतीं पांढरे अंडाशय पिळलेले असतात. विलायतेंतील न्हाव्यांच्या दुकानांबाहेर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा जो खांब असे, त्याचेंच नांव इंग्रजांनीं ह्या जंताला दिलें. एक मादी दिवसास ५ ते १० हजार अंडीं घालते. जनावर चरत असतें, वरवर धडधाकट दिसतें, आणि रक्त शोषलें जाऊन एके दिवशीं आडवें पडतें.

ह्या शत्रूवर १९४० च्या सुमारास फेनोथायझीन हें औषध आलें. १९५७ सालीं अमेरिकेंतील केंटकी येथें त्याला दाद न देणारे जंत मेंढ्यांत आढळले. १९६१ सालीं थायाबेंडाझोल निघालें. त्याचीही तीच गत तीन वर्षांत झाली. पुढें जपानांतील मातींतल्या एका सूक्ष्म जीवापासून आयव्हरमेक्टिन तयार झालें आणि १९८१ सालीं बाजारांत आलें. त्याच्या मुळाशीं असलेल्या शोधाबद्दल ओमुरा व कॅम्पबेल ह्यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तें मिळण्यापूर्वींच, १९८० नंतरच्या दशकांत, दक्षिण आफ्रिकेंतील जंत त्याही औषधाला पचवूं लागले होते. ह्यांत जादू कांहीं नाहीं. असंख्य जंतांत मोजके जन्मतःच चिवट असतात. औषधानें बाकीचे मेले, म्हणजे कुरणावर पडणारीं अंडीं त्या चिवटांचींच.

अशा काळांत, १९८४ सालीं, अल्पाका संयुक्त संस्थानांत विक्रीसाठीं आणले गेले. उंच माळ जाऊन त्यांच्या वांट्याला दमट हवेंतील लहान कुंपणें आलीं. शेजारीं पुष्कळदां मेंढ्या. उकिरड्याजवळचें गवत टाळावयाचें तर चरावयाचें कोठें? शिवाय तेथें एक दुसराच जंत टपलेला होता. पांढऱ्या शेंपटीच्या हरणाच्या अंगांत तो निमूटपणें राहातो, आणि गोगलगायींच्या द्वारें अल्पाकाच्या पोटांत गेला कीं पाठीच्या कण्यांतील मज्जेंत शिरून जनावराला लुळें करतो. एकेक अल्पाका हजारों डॉलरांचा; मालक घाबरले. पशुवैद्यांच्या सल्ल्यानें दर महिन्यास आयव्हरमेक्टिनची सुई सुरू झाली. हरणाच्या जंताला ती अडवी, ह्यांत संशय नाहीं. परंतु प्रत्येक सुईबरोबर पोटांतल्या हिमाँकसची चाळणी होऊन चिवट तेवढे मागें उरत, ह्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. अल्पाकासाठीं म्हणून मंजूर झालेलें जंताचें औषधही तेथें नव्हतें. मेंढीच्या मापानें दिलेला डोस उंटाच्या कुळांतील जनावराला अनेकदां अपुरा पडे, आणि अपुरा डोस म्हणजे जंताला तालीमच. मालकांना दोष देणें सोपें आहे. पण लुळें पडलेलें जनावर एकदां पाहिलेल्या माणसानें सुई बंद करावी कशी?

२०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या जॉर्जिया संस्थानांतील पाहणींत जें भय होतें तेंच दिसून आलें: नेहमींचीं औषधें अनेक कळपांत निष्प्रभ ठरत होतीं.

उपाय निघाला तो मेंढपाळांकडून. दक्षिण आफ्रिकेंत १९९० नंतर मेंढीची खालची पापणी उलटून तिचा रंग छापील पट्ट्याशीं ताडून पाहाण्याची पद्धत बसविण्यांत आली. पापणी लाल असेल तर औषध नाहीं. पांढरी पडली असेल तरच द्यावयाचें. औषध न दिलेल्या जनावरांतील साधे जंत जगतात आणि चिवटांची संतति त्यांच्यांत मिसळून विरळ होते. ही रीत पुढें अल्पाकांनाही लावण्यांत आली. हरणांचा वावर असलेल्या मुलुखांत सुई सर्वस्वीं सोडतां येत नाहीं. तेथें कुंपणें हरणांना दूर ठेवण्याइतकीं उंच करणें, ओलसर जागा कमी करणें, आणि कळपानें स्वतःच एका जागीं रचलेल्या लेंड्या फावड्यानें वेळच्या वेळीं उचलून नेणें, हीं कामें आतां मालकांकडे आलीं आहेत.