ओली हळद, वाळली हळद

पौष-माघात आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी ओल्या हळदीचं लोणचं घालतात आणि दरवर्षी विसरून एक वाटी माझ्याकडे पाठवतात. मग स्वतःच जिन्यात उभ्या राहून म्हणतात, "अगं बाई, तुमच्यात चालत नाही ना! पण मला एक सांग, तुझ्या माहेरी तर हळदच पिकवतात. पिकवायची आणि खायची नाही, हे कसं काय?"

हा प्रश्न मी लहानपणी आज्जीला विचारला होता. आमचं माहेर चिकोडी तालुक्यातलं, घर जैन आणि धंदा शेतीचा. दक्षिणेकडच्या आपल्या समाजात दुकानदारापेक्षा शेतकरी जास्त, हे उत्तरेकडच्या जैनांना सांगून खरं वाटत नाही. घरात कांदा-बटाटा नाही, आलं नाही, आणि परड्यात मात्र हळदीचे ढीग. आज्जी म्हणायची, "ओल्या कंदात जीव हाय. मातीत टाकला की उगवतोय. वाळल्यावर उगवत न्हाई, आन् वाळली हळद कोण मूठभर खातंय का? चिमूटभर औषधासारखी पडती." शास्त्र्यांनी याचं स्पष्टीकरण आणखी बारकाईनं केलं असेल, पण मला आज्जीचंच पटलं. सुंठ चालते आणि आलं चालत नाही, ते याच हिशेबानं.

हळद मसाल्याच्या डब्यात बसली म्हणून आपण तिला मसाला म्हणतो. जुन्या लोकांच्या लेखी ती आधी औषध होती. आपल्याकडे उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक' नावाचा संस्कृत वैद्यकग्रंथ आहे, राष्ट्रकूटांच्या काळातला, म्हणजे नवव्या शतकातला. मांस, मद्य आणि मध या तिन्ही गोष्टी वगळून औषधं कशी करायची, यावर त्यांचा सगळा भर. मांसाच्या निषेधाचं त्यांचं विवेचन तर नृपतुंग अमोघवर्षाच्या दरबारात झालं, असं त्या ग्रंथातच सांगितलं आहे. हा ग्रंथ १९४० साली सोलापुरातून छापून निघाला. मी तो चाळला तेव्हा एक गोष्ट मनात आली. औषधातून प्राणिज वस्तू काढून टाकायच्या, तर सगळा भार मुळ्या, साली, पानं, बिया आणि कंदांवर येणार. म्हणजे ते कंद कुणीतरी पिकवायला हवेत, खणायला हवेत. आपल्या धर्मानं वैद्याचे हात स्वच्छ ठेवले, शेतकऱ्याचे मात्र मातीत राहिले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण ही गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून लिहिली.

हळदीची लावण अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला सुरू होते. भगवान ऋषभदेवांनी दीर्घ उपवासानंतर श्रेयांस राजाच्या हातून उसाच्या रसाचा आहार घेतला तो हाच दिवस. घरात देवापुढे उसाचा रस आणि रानात हळदीचं बेणं, असा तो दिवस मला आठवतो. एकराला दहाएक क्विंटल बेणं लागतं. जेठे गड्डे निवडून ठेवायचं काम बायकांचं. सरीच्या कडेनं एरंड लावायचा, त्याची विरळ सावली हळदीला मानवते. आठ-नऊ महिन्यांनी पाला पिवळा पडून लोळला की तो कापायचा, मग कुदळीनं खणायचं. खणतात गडी, पण वेचणं, माती झाडणं, गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करणं, हे सगळं बायका करतात, वाकून. मग लोखंडी काहील, तिच्यावर गोणपाट, खाली उसाचं पाचट. काडी सहज आत गेली की हळद शिजली. पंधरा दिवस उन्हात वाळली की हळकुंड मोडताना कट्कन आवाज येतो. पाच पोती ओली हळद निघाली तर वाळून जेमतेम एक पोतं राहतं. लहानपणी मला वाटायचं, बाकीची चार पोती कुणी चोरली?

ते एक पोतं जायचं सांगलीला. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. बेळगावचं शहापूर आणि तेरदाळ ही सांगली संस्थानाचीच गावं, त्यामुळे आमच्या बाजूच्या गाड्या कृष्णेपलीकडे जायची सवय जुनी. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली, आमचा तालुका म्हैसूर राज्यात गेला. माणसांची भाषा, शाळा, कागदपत्रं यांवरून काय काय झालं ते आपण सगळ्यांनी सोसलं आहे. हळदीला मात्र सीमा कळली नाही. ती सांगलीलाच जात राहिली.

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथली पेवं मी आण्णांबरोबर, सातवी-आठवीत असताना पाहिली. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड अरुंद, एक माणूस उतरेल एवढं, आणि पोट घागरीसारखं फुगलेलं. तिथली माती अशी चिकट, की पाणी आत झिरपत नाही. आतून पाला-गवताचं अस्तर लावायचं, हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. हवा नाही म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते, रंगही खुलतो म्हणतात. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं आणि आधी दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर माणूसही विझेल. आण्णांनी मला काठावरून दूर ओढलं होतं, ती ओढ अजून दंडाला आठवते.

पेवाचा खरा उपयोग मला पुष्कळ उशिरा कळला. कळला म्हणजे काय, घरातल्या जुन्या वह्या बघताना कळला. हळदीचा भाव एका वर्षी चढतो नि पुढच्या दोन वर्षी बसतो. टोमॅटोवाला थांबू शकत नाही, हळदवाला थांबू शकतो. अट एवढीच, की ठेवायला जागा हवी आणि तोवर चूल पेटती राहायला हवी. पेवं बहुतेक व्यापाऱ्यांच्याच ताब्यात, सांगलीला हळदीचा वायदेबाजारही होता, तेव्हा थांबण्याचा मोठा फायदा कुणाला झाला हे सांगायला नको. तरी आण्णांच्या वहीत 'पेवात' असा एक वेगळा रकाना आहे. १९७०च्या सुमाराचा. त्या रकान्यातल्या हळदीवर माझ्या मोठ्या आक्काचं लग्न झालं.

पुढे पाणी आलं आणि ऊस आला. कारखाने आमच्या भागात स्वातंत्र्याच्या आधीपासूनचे, पण बारमाही पाणी घरोघर पोचलं तसा ऊस सगळं रान व्यापून बसला. ऊसवाल्याला मी नावं ठेवत नाही. ऊस वाळवावा लागत नाही, मोडावा लागत नाही, तोडणी कारखाना लावतो, बिल बँकेत येतं. घरातल्या बायकांची कंबर सुटली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण पाणी सोडतच राहिलं, की खालचं मीठ वर येतं. आमच्या ओढ्याकाठच्या पट्टीवर उन्हाळ्यात पांढरी भुकटी दिसायला लागली. आईला आधी वाटलं कुणी चुना सांडला.

२००५च्या पावसाळ्यात कृष्णेला महापूर आला आणि हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. बहुतेक पेवं गेली. माझ्या मामाची थोडी हळद अडत्यामार्फत तिथं ठेवलेली होती. ती कुजून गेली आणि अडत्यानं हात वर केले. मामा त्यानंतर हळदीकडे वळला नाही. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात पेवांचा उल्लेख वाचून मामा म्हणाला, "मान मिळाला, पेव कुठाय?"

तसा मान हळदीला आधीही मिळाला होता, तोही भांडून. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं गेलं. आपल्या सीएसआयआर या संस्थेनं, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुराव्याला देऊन १९९७ साली ते रद्द करून घेतलं. आज्जीच्या साक्षीचा तिथं उपयोग नव्हता, लिहिलेला कागद लागत होता. म्हणूनही वाटतं, बायकांनी लिहून ठेवावं.

आता घरची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी माझा भाचा म्हणाला, "मावशी, वरची दीड एकर उसातून मोकळी करून सेंद्रिय हळद करायची म्हणतोय." ती दीड एकर वाटणीत माझ्या नावावर, म्हणून माझी सही हवी होती. दादाचा विरोध. त्याचं म्हणणं, उसाचं बिल ठरलेलं असतं, हळदीचं कोण देणार? सेंद्रिय म्हटल्यावर पहिली दोन वर्षं तर रूपांतरात जातात. खत-औषध बंद, पण माल 'सेंद्रिय' म्हणून विकता येत नाही. कंदकूज लागली तर डोळ्यांदेखत वाफा बसतो. दादाचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

भाच्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. मीठ चढलेल्या रानात हळद येत नाही, तिला निचरा लागतो. म्हणजे करायची तर मीठ वरच्या पट्टीपर्यंत पोचायच्या आधी करायला हवी. खाली धैंचा पेरून गाडायचा, वर ताग, मग गादीवाफ्यावर हळद, आणि पुढच्या वर्षी तिथं हळद नाही, कडधान्य. गावातले पाचजण मिळून गट केला तर प्रमाणपत्राचाही खर्च फार येत नाही, एकमेकांच्या रानाची तपासणी एकमेकांनीच करायची.

मी सही केली, पण दोन गोष्टी कागदावर लिहून घेतल्या. हळद मोडायला येणाऱ्या बायकांना खणणाऱ्या गड्यांइतकीच मजुरी. आणि वाळलेला माल निदान एक वर्ष ठेवता येईल अशी कोरडी खोली, हळद लावायच्या आधी. भाचा हसला. "पेव बांधू काय, मावशी?" मी म्हटलं, बांध. त्यानं जुन्या गोठ्यावर पत्रा टाकून, जमिनीपासून दोन फूट उंच फळ्या मारून खोली केली.

यंदा पहिली हळद निघाली. रूपांतरातली, म्हणजे बाजाराच्या लेखी साधीच. काढणीच्या दिवशी मी गेले होते. शेवटच्या सरीत एक म्हातारी मजूरबाई कंद उचलून झाडताना आतला लहानसा किडा हळूच बाजूच्या गवतात ठेवत होती. ती काही जैन नव्हती. मी बघतेय हे कळल्यावर लाजली नि म्हणाली, "जीव हाय, वैनी."

सांगलीचा भाव दादानं फोन करून विचारला. मागच्यापेक्षा उतरला होता. दादा काही बोलला नाही. संध्याकाळी त्यानंच गोठ्यावरच्या खोलीची किल्ली मागितली आणि पोती आत लावून घेतली. वहीत मात्र त्यानं रकाना काढला, 'पेवात'. अक्षर अगदी आण्णांसारखं.