माळ्यावरच्या फ्लॉप्या

आपल्या हैदराबादेत संगणक तसा लवकर आला. ट्रॉम्बेचं नाव लावणारा टीडीसी-१२ म्हणजे 'ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर' १९६९ साली आला, तो इथल्याच ईसीआयएलचा. पण जे लवकर येतं ते लवकर जुनंही होतं, हे मला आमच्या माळ्यावरच्या एका डब्याने शिकवलं.

डब्यात सात फ्लॉप्या होत्या. चार सव्वापाच इंची, तीन साडेतीन इंची. १९९३च्या सुमारास वडिलांनी आजीच्या आठवणी टाइप करून ठेवल्या होत्या: सुलतान बाजारातलं घर, विवेक वर्धिनीतले दिवस, सप्टेंबर १९४८ची पोलीस अ‍ॅक्शन. मूळ वही वाळवीने खाल्ली. आजी नाही, वडीलही नाहीत. म्हणजे जे काय उरलं ते या फ्लॉप्यांतच.

सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेलो. दुकानदार हसला, "साब, इसका ड्राइव अब कां मिलता?" यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळाला, पण तो फक्त साडेतीन इंचीच वाचतो. सव्वापाचसाठी एका मित्राचा जुना ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल नावाचं छोटं कार्ड वापरलं. हे कार्ड फाइली शोधत बसत नाही. चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घेतं, अर्थ नंतर लावायचा.

त्याआधी दोन कामं केली. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद केली आणि साडेतीन इंचीची खिटी सरकवून भोक उघडं केलं, म्हणजे चुकूनही वर काही लिहिलं जात नाही. मग चकत्या उजेडात धरून पाहिल्या. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने बुरशी धरते. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ती स्वतः खरवडते, हेड घाण करते आणि पुढचीही बिघडवते. दोन फ्लॉप्यांवर पांढरे ठिपके होते. त्या बाजूला ठेवल्या.

फाइली मिळाल्या. उघडल्या तर सगळं अगम्य! मराठी फ्लॉपीला कुलपं दोन असतात, हे तेव्हा कळलं. काही मजकूर सी-डॅकच्या जिस्ट कार्डवर, म्हणजे इस्की संकेतात होता. हा संकेत १९९१ साली भारतीय मानक झाला, त्यामुळे त्याचं युनिकोड करणं सोपं गेलं. उरलेला मजकूर डीटीपीच्या फॉन्टमध्ये होता. तिथे अक्षरं नसतात, अक्षरांचे तुकडे असतात: काना वेगळा, अर्धं अक्षर वेगळं. 'किल्ला'मधली वेलांटी 'क'च्या आधी साठवलेली. कुठला तुकडा कुठल्या आकड्यावर, हे प्रत्येक कंपनीचं निराळं. फॉन्टचं नाव कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमचं काम झालं, कारण वडिलांनी लेबलवर पेन्सिलीने फॉन्टचं नाव लिहून ठेवलं होतं.

अकरा पानं हाती आली. पोलीस अ‍ॅक्शनचा भाग मधेच तुटतो. पुढचं बहुधा त्या बुरशीच्या दोनांत आहे.

आपल्या शहरातल्या मराठी संस्थांनी, घरांनी त्या काळात स्मरणिका, अहवाल, पत्रिका असेच टाइप केले. तेव्हा विनंती एवढीच: कपाटात फ्लॉपी सापडली तर फेकू नका, आणि घाईने ड्राइव्हमध्येही घालू नका. लेबलवरचं आधी उतरवून घ्या. मूळ फाइल रूपांतरानंतरही जपा. आणि टाइप करणारं माणूस हयात असेल तर आजच विचारा, फॉन्ट कुठला होता?