आदराने ठेवलेले नाव आणि न विचारलेले लोक

“आम्ही हे नाव आदरानेच ठेवले आहे.” हे उत्तर आंबेडकरी चळवळीला नवीन नाही. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत काँग्रेस सरकारने स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. त्यात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द होता. स्वतंत्र मजूर पक्षाकडून भाऊराव गायकवाडांनी हरकत घेतली, बाबासाहेबांनी ती लावून धरली. हरकत बहुमताने फेटाळली गेली, तेव्हा पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. शब्द गोड आहे की कडू, हा त्या भांडणाचा मुद्दा नव्हता. ज्यांना हे नाव लागणार, त्यांना विचारले का, हा मुद्दा होता.

८५ वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, हाच प्रश्न अमेरिकेतील मूलनिवासी तंत्रज्ञांनी सॉफ्टवेअरच्या जगात विचारला. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन ही १९९९ साली स्थापन झालेली स्वयंसेवकांची संस्था. जगातल्या असंख्य वेबसाइट तिच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. १९९५ मध्ये मूळ सर्व्हरला ‘अपाचे’ नाव देणाऱ्यांनी कारण सांगितले होते, की या जमातीच्या लढाऊ बाण्याबद्दल आदर आहे. बोधचिन्ह म्हणून पीस घेतले. एका प्रकल्पाला तर ‘जेरोनिमो’ असे नाव दिले. जेरोनिमो हा अपाचे योद्धा १८८६ साली शरण आला आणि १९०९ मध्ये मरेपर्यंत अमेरिकन सैन्याचा युद्धकैदीच राहिला. ज्या देशाने त्याला मरेपर्यंत सोडले नाही, त्याच देशात त्याचे नाव सॉफ्टवेअरला शोभेसाठी लागले. शिवाय ‘अपाचे’ हे नावही बाहेरच्यांनी दिलेले. त्यांच्यातील अनेक जण स्वतःला ‘न्दे’ किंवा ‘इंदे’ म्हणवतात.

‘नेटिव्ह्ज इन टेक’ या गटाने संस्थेला नाव बदलण्याचे जाहीर आवाहन केले. संस्थेने आपल्या परिषदेचे ‘अपाचेकॉन’ हे नाव त्याच वर्षी बदलले. २०२५ मध्ये पीस जाऊन ओकचे पान आले आणि संस्था स्वतःला ‘एएसएफ’ या आद्याक्षरांनी पुढे आणू लागली. पण ‘अपाचे’ हे नाव पूर्णपणे गेलेले नाही. हा अर्धा विजय आहे, आणि तोही मागितल्यावर मिळालेला.

कुणी म्हणेल, या भांडणाशी नंदुरबारचा काय संबंध? २९ सप्टेंबर २०१० रोजी आधार योजनेची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावात झाली. पंतप्रधान मनमोहन सिंग इथे येऊन गेले. देशातले पहिले आधार क्रमांक इथल्या गरीब माणसांच्या हातात पडले. या क्रमांकांच्या प्रचंड माहितीसाठी जी सॉफ्टवेअर वापरली गेली, त्यात अपाचेचे ‘हडूप’ही होते. एका खंडातील आदिवासींचे नाव लावलेल्या यंत्रात दुसऱ्या खंडातील आदिवासींच्या बोटांचे ठसे गेले. दोघांनाही कुणी विचारले नव्हते.

हडूपचे स्वतःचे चिन्ह पिवळा हत्ती आहे. तो ते बनवणाऱ्याच्या मुलाच्या खेळण्यावरून आला. त्यावर कुणाचा आक्षेप नाही, कारण त्या हत्तीमागे कुणाची हिसकावलेली जमीन नाही. १९५२ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्हही हत्तीच होते, पण म्हणून आपण हडूपशी भांडायला जात नाही. ‘भावना दुखावल्या’ ही आपल्याकडे बहुतेक वेळा बलवानांची ओरड असते. फ्रीबीएसडी या प्रणालीच्या शिंगवाल्या लाल शुभंकरावरही काही धार्मिक मंडळी नाराज असत. ती नाराजी आणि अपाचे पिसावरचा आक्षेप एका तराजूत तोलता येत नाहीत. एका बाजूला न आवडलेले चित्र आहे, दुसऱ्या बाजूला ज्यांचे सगळे घेतले त्यांची ओळखही घेणे आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. लढाऊ बाण्याचे कौतुक इथेही जुनेच आहे. इंग्रजांनी भिल्लांचे शौर्य वाखाणले आणि १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारून ते शौर्य स्वतःच्या कामाला जुंपले. पुढे १८५८ मध्ये अंबापाणीला खाज्या नाईकांच्या भिल्लांवर त्याच इंग्रजांनी गोळ्या झाडल्या.

धनुष्यबाण हे भिल्लांचे शस्त्र आणि ओळख. ऑक्टोबर २०२२ मध्ये शिवसेनेच्या दोन गटांच्या वादात निवडणूक आयोगाने हे चिन्ह गोठवले आणि १७ फेब्रुवारी २०२३ रोजी ते एका गटाला दिले. पक्षाच्या मनात रामाचे धनुष्य असेल, तो त्यांचा प्रश्न. पण महिनोन्‌महिने महाराष्ट्र “धनुष्यबाण कुणाचा?” असे विचारत होता आणि त्या चर्चेत सातपुड्याचे नाव कुठेच नव्हते. ‘वनवासी’ हा शब्दही त्याच जातीचा. आदिवासी म्हणजे इथले मूळ रहिवासी. वनवासी म्हटले की मूळ रहिवासी असल्याचा दावा गळतो आणि फक्त राहण्याची जागा उरते. हा शब्दही आदरानेच दिल्याचे सांगतात!

काठीच्या होळीतील मोरपिसांचा टोप पर्यटनाच्या जाहिरातींसाठी सुंदर चित्र असतो. तो घालणारा माणूस मात्र नवसाचे कडक नियम पाळून उभा असतो. म्हणून आपल्या संघटनांचे बॅनर, ॲप, पोस्टर बनवणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे. ‘बहुजन’ म्हणताना आपणही वारली आकृती, तीरकमान, पिसे सहज उचलतो. ज्यांचे ते आहे त्यांची माणसे आपल्या कार्यकारिणीत आहेत का? चिन्ह ठरवताना त्यांचे मत घेतले का? ती नको म्हणाली तर आपण थांबणार का?

बाबासाहेबांनी १९१९ च्या साऊथबरो समितीपासून एकच गोष्ट लावून धरली, की आमच्यासाठी दुसऱ्याने बोलणे म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. हे तत्त्व मतदारसंघाला लागू आहे, तसे लोगोलाही आहे. आपण ते काँग्रेसला सुनावले. आता सातपुड्यातल्या भावाबहिणींनी ते आपल्याला सुनावले, तर ऐकून घ्यायची तयारी हवी.

जय भीम! जय जोहार!