कोपराला काय म्हणतात?

कोपर दाखवायचं आणि विचारायचं, याला झुलू भाषेत काय म्हणतात? सांगता आलं तर सुटलास. अडखळलास तर तू परदेशी, मग काठी नायतर काडी. मे २००८ मध्ये जोहान्सबर्गच्या झोपडपट्ट्यांत ही परीक्षा चालू होती. घेणारे गोरे नव्हते. ज्यांच्या बापजाद्यांना गोरा पोलीस रस्त्यात अडवून पास मागायचा, तो पास नाकारला म्हणून १९६० ला शार्पव्हिलमध्ये ज्यांची सरकारी आकड्यानंच ६९ माणसं गोळ्यांनी पाडली, त्यांच्यातलीच ही पोरं.

दोस्तहो, मी या पोरांवर लिहायला बसलो नाही. बेकारी, पत्र्याची खोली, स्वातंत्र्याला चौदा वर्षं होऊनही न आलेला नळ, हा राग मला कळतो. त्या रागानं शेजारच्याच्या अंगावर रॉकेल ओतणं कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. पण मला बोलायचंय ते वर बसलेल्यांबद्दल.

११ मे ला अलेक्झांड्रा वस्तीत सुरुवात झाली. १८ मे ला रामाफोसा नावाच्या वस्तीत मोझांबिकच्या एका मजुराला जिवंत जाळलं. गुडघ्यांवर बसलेला, पेटलेला तो माणूस जगभरच्या पेपरांत छापून आला. तो फोटो मी पाहिला आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. एकूण ६२ माणसं मेली. त्यातली २१ त्याच देशाची होती! कुणी त्सोंगा, कुणी वेंडा. रंग जरा जास्त काळा, बोली वेगळी, म्हणून परदेशी ठरली. परक्याला हुडकायला निघालेला जमाव शेवटी आपल्याच घरात शिरतो, तो असा.

राष्ट्राध्यक्ष कोण? थाबो एम्बेकी. अठ्ठावीस वर्षं परागंदा, दुसऱ्यांच्या देशात दुसऱ्यांची भाकरी खाऊन वाढलेला पुढारी. १९९६ ला राज्यघटना मंजूर झाली तेव्हा, मी आफ्रिकन आहे, असं छाती काढून सांगणारं त्याचं भाषण अजून गाजतं. २००७ मध्ये आफ्रिकी देशांच्याच एका पाहणी अहवालानं बजावलं होतं, तुमच्याकडं इतर आफ्रिकनांचा द्वेष वाढतोय. सरकारनं ते झटकून टाकलं. वर्षभरात आग लागली. लष्कर बोलवायचा निर्णय झाला २१ मे ला. स्वतः एम्बेकी टीव्हीवर देशाशी बोलला २५ मे ला. चौदा दिवस! तोवर लाखाच्या आसपास माणसं घरं सोडून चर्चमध्ये, पोलीस चौकीच्या आवारात पडली होती. जमावाला भाषण लागत नाही. वरून कुणी ‘थांबा’ म्हणत नाही, हीच त्याला परवानगी वाटते.

आणि जुलैत, मेलेल्यांच्याच शोकसभेत त्यानं सांगितलं की हा परक्यांचा द्वेष नव्हे, ही निव्वळ गुन्हेगारी. हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे की नाही? खैरलांजी २००६ ला झाली, आणि २०१० ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं, जातीचा द्वेष नाही, सूड आहे. रोगाचं नाव घेतलं नाही की औषध द्यावं लागत नाही.

आता उलटं चित्र बघा, आणि तेही मोझांबिकचंच. जानेवारी १९८१ मध्ये गोऱ्या सरकारचं लष्कर सीमा ओलांडून मातोलात घुसलं आणि आसऱ्याला राहिलेले आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे कार्यकर्ते मारले. पुढच्याच महिन्यात मापुतोत भर सभेत मोझांबिकचा अध्यक्ष सामोरा माशेल यानं त्या पक्षाच्या ऑलिव्हर टांबोला मिठी मारली. परदेशी माणसाला, साऱ्या देशासमोर. देश कंगाल, शेजारी तोफा घेऊन उभा, तरी. (पुढं १९८४ ला न्कोमाटीचा करार करून त्याला झुकावं लागलं, तेही लपवू नये.) ज्या देशानं असं पोसलं, त्याच देशाचा मजूर २००८ ला पेटला.

बाबासाहेबांच्या मसुदा समितीनं घडवलेल्या घटनेची कलमं १४ आणि २१ काढून वाचा. तिथं शब्द ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ आहे. कायद्यापुढं समानता आणि जिवाचं संरक्षण परदेशी माणसालाही आहे. कार्यकर्ते म्हणवणाऱ्या कितीजणांनी हा एक शब्द थांबून वाचलाय?

२०१५ ला तर पुढाऱ्यांनी नुसतं गप्प बसणंही सोडलं. मार्चमध्ये झुलू राजा झ्वेलिथिनी जाहीर बोलला की परदेशी लोकांनी गाशा गुंडाळावा. एप्रिलमध्ये दर्बान पेटलं. माझ्या बोलण्याचा विपर्यास केला, असं राजाचं म्हणणं. अध्यक्ष झुमा परदेश दौरा रद्द करून चॅट्सवर्थच्या छावणीत गेला, तर तिथल्या निर्वासितांनी त्याची हुर्यो उडवली.

ज्या वस्तीत तो मजूर जळाला तिला नाव होतं सिरिल रामाफोसाचं, खाणकामगारांच्या लढाऊ पुढाऱ्याचं. तो पुढं राष्ट्राध्यक्ष झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा परदेश्यांची दुकानं लुटली गेली, तेव्हा मुगाबेंच्या अंत्यविधीला हरारेत तो बोलायला उठला आणि सारं स्टेडियम ओरडून अंगावर आलं. त्यानं तिथंच माफी मागितली. त्या मजुराची फाईल मात्र पोलिसांनी कधीच बंद केली होती, साक्षीदार नाहीत म्हणून. २०१५ ला एका पेपरचे बातमीदार त्याच वस्तीत गेले, तर त्यांना साक्षीदार सापडले.