फादर स्टीफन्स आणि माझा उलटा क्रम

परवा पाऊस थांबेना म्हणून घरीच बसलो आणि कपाटातले 'ख्रिस्तपुराण' पुन्हा काढले. शांताराम बंडेलूंनी संपादित केलेली, १९५६ सालची देवनागरी आवृत्ती.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला. तेव्हा आपल्या वसईवरही पोर्तुगीजांचेच राज्य होते (१५३४ ते १७३९). त्याने आयुष्य घालवले ते साष्टीत. आपल्या ठाण्याजवळची नव्हे बरं का, गोव्यातली साष्टी! १६१६ मध्ये त्याचे पुराण राशोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही परक्या माणसाने लिहिलेल्या मराठी ओव्या.

कसे जमले असेल? शिकायला छापील व्याकरण नव्हते. कोंकणीचे पहिले छापील व्याकरण त्याचेच, आणि तेही १६४० साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी बाहेर आले. ओवी अशी नियम पाठ करून येत नाही. ती वाचून, ऐकून कानात मुरावी लागते. आधी भाषा, मग व्याकरण, असा त्याचा क्रम.

माझा क्रम नेमका उलटा होता. वर्गात इंग्रजी शिकवताना मी कर्तरी-कर्मणी प्रयोग घोकून घेतले, पण एखादी सोपी गोष्ट मुलांच्या हातात दिली नाही. मुले पास झाली, पण इंग्रजीला घाबरतच राहिली. हे आज कबूल करतो. स्वतः मी निवृत्तीनंतर इंग्रजी वाचू लागलो. शब्द अडला तरी पुढे जायचे, एवढाच नियम. तेव्हा कुठे ती भाषा जरा जवळची वाटू लागली.

आता गंमत पाहा. त्या काळी गोव्यात देवनागरी खिळे नव्हते, म्हणून स्टीफन्सचे मराठी रोमन लिपीत छापावे लागले. माझी नात इंग्रजी शाळेत जाते. तीही मला मोबाइलवर मराठी निरोप पाठवते ते रोमन अक्षरांतच! चारशे वर्षांनी गाडी पुन्हा तिथेच. घरात बोलते छान, पण वाचायला मराठी तिला परकीच.

तिला व्याकरण शिकवायचे नाही असे ठरवले आहे. रोज एक पान, दोघांनी मिळून मोठ्याने वाचायचे. काल विचारत होती, "आजोबा, अडलं तर?"

म्हटले, "अडू दे. पुढे चल."

असो. पाऊस अजून थांबलेला नाही.